पट्टी सरळ धर

दूध उतू जायच्या बेतात होतं. थोरली ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून घरभर आपला हरवलेला मोजा शोधत होती, आणि आई ओट्याशी उभी राहून एकाच वेळी दुधाकडे, घड्याळाकडे आणि धाकटीच्या तोंडाकडे बघत होती. आयांना ते जमतं. धाकटी टेबलाशी बसून पावाचे तुकडे करत होती, तुकड्यांचे आणखी तुकडे करत होती, तोंडात मात्र एकही जात नव्हता.

"त्या पावानं तुझं काय घोडं मारलंय?" आई म्हणाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

घराला चांगली खणखणीत बेल होती. बेल असताना जो माणूस दार ठोठावतो, तो एकतर फार घाईत असतो, नाहीतर आपण आल्याचं शेजाऱ्यांना कळू नये अशी त्याची इच्छा असते. थोरलीनं एका पायात मोजा घालून दार उघडलं, बाहेर पाहिलं, "बसा हं, आत या," असं काहीतरी पुटपुटली आणि तशीच स्वयंपाकघरात पळत आली. डोळे बशीएवढे झालेले.

"अगं, तुझे छत्रीवाले आलेत!"

आईनं गॅस बंद केला. दूध वाचलं. धाकटीच्या हातातला पावाचा तुकडा मात्र चेपून गोळा झाला.

हे छत्रीवाले म्हणजे धाकटीचे सर. धाकटी इंजिनिअरिंग शिकत होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सल्लागार कंपनीत इंटर्न म्हणून लागली होती. ही कंपनी स्वतः काही बांधत नसे. रस्ता, पूल, पाण्याची टाकी, गटार, जे काही दुसरा बांधणार असेल ते कसं बांधावं हे सांगायचं आणि तो तसंच बांधतोय ना ते बघायचं, हे हिचं काम. धाकटीच्या वाट्याला आली बाजारामागची लांब गल्ली. तिथं दुकानांसमोरून नवी गटार चालली होती.

पहिल्या दिवशी ती इस्त्रीचा शर्ट आणि नवे बूट घालून गेली. कॉम्प्युटरसमोर बसवतील, नकाशे दाखवतील, अशी तिची कल्पना. सरांनी तिच्या हातात दिली ती आकडे रंगवलेली एक उंच पट्टी, तिच्या उंचीच्या दुप्पट. गटारीचा तळ किती उंचीवर हवा हे पाहायला एका टोकाला तिपाईवर दुर्बीण लावलेलं मशीन असतं, आणि ज्या ठिकाणची उंची हवी तिथं ही पट्टी कुणीतरी उभी धरायची असते. मशीनवरचा माणूस दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचतो. मशीन तापू नये म्हणून त्याच्यावर मोठी छत्री असते. छत्री मशीनची; पण मशीनजवळ जो उभा राहील त्याला सावली आपोआप मिळते.

उन्हाळाभर सर सावलीत होते आणि धाकटी उन्हात.

"पट्टी सरळ धर!" सर गल्लीच्या त्या टोकावरून ओरडत. "सरळ! झोपलीस का?" धाकटीनं पट्टी सरळच धरलेली असे. पट्टीच्या पाठीला लावलेल्या छोट्या नळीतला बुडबुडा अगदी मधोमध. पण सरांना ओरडल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नसे. हळूहळू गल्लीतल्या लोकांनाही ते पाठ झालं. किल्ल्या बनवणारा आपल्या बायकोला हाक मारून म्हणे, "डबा आण, आणि सरळ धर!" शिंपीकाकांची नात सगळ्या पोरांना पट्ट्यांसारखी उभी करी आणि स्वतः ओरडे. धाकटी हसे. पहिले काही दिवस ते खरंच हसण्यासारखं होतं.

संध्याकाळी घरी आली की मान आणि हात करपलेले. आई थंड पाण्यात फडकं बुडवून मानेवर ठेवी. "मशीनवर कधी उभी करणार तुला?" एकदा विचारलं तिनं.

"सर म्हणतात, आधी पट्टी धरायला शीक."

"मग शिकलीस की नाही?"

"पट्टी धरायला शिकायचं काय असतं, आई? खांबाला बांधली तर तोही शिकेल."

आता गोष्ट अशी, की सगळ्या उंच्या कुठल्या तरी एका पक्क्या ठिकाणापासून मोजाव्या लागतात. ते ठिकाण हललं की सगळंच हललं. त्या गल्लीत ते ठिकाण होतं वाचनालयाची पायरी. गल्लीच्या बरोबर मध्यावर, जुनी, दगडी, शंभर माणसांनी झिजवलेली. वरच्या अंगाची अर्धी गटार त्या पायरीवरून मोजून बांधून झाली. मग ठेकेदाराची माणसं दुसऱ्या कामावर गेली, काही दिवस खंड पडला, आणि सगळे परत आले तेव्हा पायरी चकाचक होती. वाचनालयानं तिच्यावर नवी फरशी बसवून घेतली होती. दोन बोटं जाडीची.

धाकटी रोज त्याच पायरीवर बसून डबा खायची. तिला बघताक्षणी कळलं. ती पट्टी घेऊन थेट छत्रीखाली गेली.

"सर, पायरी बदललीय. वर फरशी बसवलीय."

सर फोनवर होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "मग? छान दिसतेय की."

"नाही, म्हणजे उंची वाढली ना सर. आपण पायरीचा जुना आकडा धरला तर पुढची सगळी गटार दोन बोटं वर जाईल."

"दोन बोटांनी काय आभाळ कोसळतंय?" सर म्हणाले. "तुला पट्टी धरायला ठेवलंय. पट्टी धर. सरळ."

त्या गल्लीला उतारच मुळी नावापुरता होता. दोन बोटं म्हणजे तिथं सगळंच. खालची अर्धी गटार दोन बोटं वर चढली, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी ते वरून डौलात आलं, वाचनालयापाशी पोचलं, थबकलं आणि पाहुण्यासारखं तिथंच मुक्कामाला राहिलं. तिथून मागे मागे फुगत शिंप्याच्या दुकानासमोर गेलं. दोन दिवसांत वास सुटला. चौथ्या दिवशी डास. शिंपीकाका गिऱ्हाइकाचं माप नाकाला रुमाल बांधून घेऊ लागले.

ऑफिसात सगळे जमले होते, आठवड्याची बैठक होती. मोठ्या मॅडम, म्हणजे कंपनीच्या प्रमुख, बाहेरगावी होत्या. चूक कुठं झाली असा विषय निघाला आणि सरांनी खुर्चीत मागे रेलून, अगदी मायेनं, म्हटलं, "जाऊ द्या हो. पोर नवीन आहे. पट्टी तिरकी धरली असणार तिनं."

हे बोलणं हुशारीचं होतं, कारण ते पटण्यासारखं होतं. पट्टी कलली तर आकडा चुकतो, आणि तळ वर जातो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक. धाकटी उभी राहिली. "सर, मी तुम्हाला..." एवढंच बोलली आणि सगळ्यांच्या नजरा अंगावर आल्या तसा तिचा ओठ थरथरला.

"बघा," सर हसून म्हणाले, "आता तोंडही तिरकं झालं."

सगळे हसले. वाईट मनानं नव्हे. माणसं बैठकीत हसतात तसे हसले. पण त्या दिवसापासून तिचं नाव पडलं तिरकी. "तिरकी, चहा घेणार?" "तिरकीला विचारा, भिंत ओळंब्यात आहे का." तिच्याच कॉलेजातले आणखी दोघं त्या ऑफिसात इंटर्न होते. सुट्टी संपायच्या आत ते नाव कॉलेजात पोचणार हे उघड होतं. आणि या धंद्यातली नावं कॉलेजात थांबत नाहीत. जिथं ती जाईल तिथं नाव आधी पोचणार. जिच्या हातात पट्टी सरळ राहत नाही, तिच्या हातात पूल कोण देईल?

त्याच आठवड्यात सरांनी तिला सांगितलं, "काही दिवस घरी थांब. वातावरण निवळलं की बोलावतो."

ती घरी आली आणि रडली नाही. याचीच आईला धास्ती वाटली. ती दोन दिवस छताकडे बघत पडली आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "त्यांच्या छत्रीचा स्क्रू ढिला केला तर बरोबर डोक्यावर पडेल."

"कुणाच्या?" थोरलीनं विचारलं.

"किंवा दुर्बिणीच्या काचेला काजळ लावायचं. डोळा लावला की दिवसभर काळा गोल."

"हे मात्र कर," थोरली म्हणाली. "मी काजळ देते."

 आई दुधाला विरजण लावत होती. रात्रभरात धाकटीनं आणखी पुष्कळ बेत रचले असावेत, कारण सकाळी तिचे डोळे तांबारलेले होते. आईनं तिच्यासमोर दह्याचं भांडं ठेवलं.

"दही कसं लागतं माहीत आहे ना? लावायचं आणि झाकून ठेवायचं. दर घटकेला झाकण काढून चमचा घातलास की पाणी होतं त्याचं."

"म्हणजे गप्प बसू?"

"गप्प बस असं कुठं म्हटलं मी? झाकून ठेव म्हटलं."

धाकटीनं झाकून ठेवलं. ती वाचनालयात जाऊ लागली. कोपऱ्यातल्या टेबलाशी पुस्तक उघडून बसायची आणि खिडकीतून त्या साचलेल्या पाण्याकडे बघायची. तिथल्या ताई, जाड भिंगांचा चष्मा, आवाज मात्र वाचनालयाला न शोभणारा, तिला म्हणाल्या, "बाई गं, आत येताना दार जरा जपून ओढ. नवी फरशी घातल्यापासून घासायचंच ते. शेवटी सुताराकडून खालून तासून घेतलं. दोन बोटं काढलीन मेल्यानं, म्हटलं उद्या दाराखालून मांजर येईल."

धाकटीनं पुस्तक मिटलं.

"ताई, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का? ऑफिसच्या माणसांनी?"

"मला कोण विचारतंय? ते छत्रीतून बाहेर कधी आले?"

त्या दिवशी धाकटी घरी आली ती पोटभर जेवली. तरी ती कुणाकडे गेली नाही. मोठ्या मॅडमना फोन केला नाही, सरांना निरोप धाडला नाही. पाणी साचलेलं होतं, दुकानदार रोज नगरपालिकेत जाऊन बोंबलत होते. कधी ना कधी कुणीतरी विचारणारच, की ती पट्टी धरणारी पोरगी कुठं आहे. त्या वेळी सरांना आपल्या दारात यावं लागेल. तिला ते दाराशी उभे असलेले बघायचे होते. उगाच कशाला खोटं बोला, फार फार बघायचे होते.

आणि आज ते आले होते.

सर बाहेरच्या खोलीत उभे होते. उन्हातून चालत आल्यामुळे कपाळावर घाम. आईनं पदराला हात पुसत त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली, एक पाय आखूड असलेली.

"बसा. जरा सांभाळून हं साहेब, खुर्ची तिरकी आहे."

सर बसले. खुर्ची डुगडुगली. थोरली दाराआड जाऊन तोंडावर टॉवेल दाबून उभी राहिली.

"कशी आहेस?" सरांनी विचारलं.

"सरळ आहे," धाकटी म्हणाली.

सर हसले, पण ते हसू गालापर्यंतच गेलं. मग मुद्द्यावर आले. आज मोठ्या मॅडम स्वतः गल्लीत येणार होत्या. नगरपालिकेचे इंजिनिअरही. आणि मॅडमनी सांगितलं होतं, त्या मुलीला बोलवा, मला तिच्या तोंडून ऐकायचंय.

"तर तू एवढंच सांग," सर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "की ऊन होतं, तू नवीन होतीस, हात हलला असेल. बस. माणूस आहे, होतं असं. कुणी तुला खाणार नाही. पुढचं मी सांभाळून घेतो. इंटर्नशिप पूर्ण झाली असं लिहून देतो, वर चार चांगले शब्द टाकतो."

"चार चांगले शब्द आहेत होय तुमच्याकडे?" आई चहाचा कप ठेवत म्हणाली. "उन्हाळाभर आमच्या कानांवर एकसुद्धा आला नाही. जपून ठेवले असतील."

"तसं नाही हो काकू..."

"चहा घ्या. निवतोय."

धाकटी सरांकडे बघत होती. छत्रीबाहेर ते बरेच बुटके वाटत होते. आता इथंच, आईसमोर, सगळं ओकून टाकावं, अशी तिला एकदा उबळ आली. पण दह्यावरचं झाकण आत्ताच काढायचं नव्हतं.

"येते मी," ती म्हणाली.

"म्हणजे सांगशील ना?"

"येते म्हटलं ना, सर."

वाटेत ते तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि ती पुन्हा पुन्हा "बघू" म्हणत राहिली. त्या वाटेइतकी छान वाट ती आयुष्यात चालली नव्हती.

गल्लीत माणसं जमली होती. पाण्यावर हिरवी साय धरलेली. मोठ्या मॅडम पिकलेल्या केसांच्या, पायात साधे कॅनव्हासचे बूट, नाकाला रुमाल न लावता पाण्याच्या कडेला उभ्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तू का ती?"

"हो मॅडम. पण आधी सरांना सांगू द्या. ते मशीनवर होते."

सरांना वाटलं, पोरगी वळणावर आली. त्यांनी खुलून सगळं सांगितलं. मशीन ठीक होतं. आकडे आपण स्वतः वाचले. गटारीचे दोन्ही भाग याच पायरीवरून मोजले.

"पायरी तीच ना?" धाकटीनं मध्येच, अगदी हळू, विचारलं.

"तीच म्हणजे? पायरी काय चालत जाते का?" सर म्हणाले आणि दुकानदार हसले. "पहिल्या दिवसापासून आजपर्यंत या पायरीला कुणी हात लावलेला नाही. ही माझी जबाबदारी. राहता राहिली पट्टी."

"मॅडम," धाकटी म्हणाली, "हात तिरका असता तर एका ठिकाणी एक बोट चुकलं असतं, दुसरीकडे तीन. कुठं बरोबरही आलं असतं. खालची सगळी गटार सारखीच वर आहे. सगळीकडे दोन बोटं. माझा हात इतका शिस्तीत कसा हलेल?"

मॅडमनी नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. सारखीच होती खरी.

"ताई," धाकटीनं वाचनालयाकडे बघून हाक मारली, "जरा दार लावून घेता का?"

ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दार ओढलं. खालच्या कडेला सुताराचा रंधा फिरलेली पट्टी कोरी, पिवळी, बिनरंगाची दिसत होती. "माझं दार कापायला लावलंत आणि म्हणे हात लावला नाही!" ताई कडाडल्या. "दोन बोटं जाड फरशी बसवलीय वर. या की इकडे, बघा. का छत्री आणून देऊ?"

आता मात्र कुणी हसलं नाही. मॅडम वाकल्या. पायरीच्या कडेला खाली जुना काळा दगड, मध्ये सिमेंटची रेघ, वर नवी फरशी. त्यांनी त्यावर आपली दोन बोटं आडवी ठेवली. बरोबर बसली.

त्या सावकाश उठल्या. "हे तू पाहिलं होतंस?"

"हो. त्याच दिवशी."

"कुणाला सांगितलंस?"

"सरांना. छत्रीखाली जाऊन सांगितलं. ते म्हणाले, दोन बोटांनी काय आभाळ कोसळतंय."

मॅडमनी सरांकडे मान वळवली. सरांनी शिंप्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "तसं काहीतरी म्हणाली असेल... मी फोनवर होतो... तेव्हा लक्षात..."

"म्हणाली होती की नव्हती?"

"म्हणाली होती," सर म्हणाले.

ऑफिसातले सगळे तिथं होते. ते दोन इंटर्नही होते. त्यातल्या एकानं तोंड उघडलं, बहुधा काहीतरी हाक मारायला, आणि कुठलं नाव घ्यावं ते न सुचून मिटलं. धाकटीनं ते पाहिलं आणि तिच्या अंगावरून थंडगार फडकं फिरल्यासारखं झालं. मग तिची नजर सरांवर गेली आणि तिला कळलं, की एवढ्यानं आपलं पोट भरलेलं नाही.

"खालची गटार उकरून पुन्हा बांधावी लागणार," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून सगळ्या उंच्या नव्यानं घ्यायच्या. तू कामावर ये. आणि ऐक, तुझ्यावर अन्याय झालाय, तर संकोच करू नकोस. तुझं काही म्हणणं असेल ते सांग. यांनी तुझी माफी मागावी? तुला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जायचंय?"

 किल्लीवाल्यानं हातातली कानस थांबवली. धाकटीला काय काय मागता आलं असतं! सरांचं या कामावरून जाणंसुद्धा तिच्या जिभेच्या टोकावर होतं, आणि मॅडमच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की मिळालंही असतं. पण गेलेला माणूस काय, दुसऱ्या गल्लीत दुसरी छत्री उघडतो. तिनं वर पाहिलं. ऊन असं होतं की दगडालाही घाम फुटावा. भिंतीला टेकून ती लांब पट्टी उभी होती, अगदी सरळ.

"माफी नको, मॅडम," ती म्हणाली. "दुसरीकडेही नको. एवढंच मागते. उद्या मशीनवर मला उभं करा, आणि पट्टी सरांना धरू द्या."